चादरीत गुंडाळलेली कमान

नापिकीच्या सालांत गाद्या भरून घेणारं कुणी उरलं नाही, म्हणून अकोटचा अब्दुल सत्तार पिंजारी कापूस पिंजायची कमान चादरीत गुंडाळून अमरावतीला विकायला निघाला. आधी लेकीच्या प्रयोगशाळेत डोकावला. मिस्बाहनं बाटलीतले जिवाणू दाखवले. “खाणं होतं तोवर यांच्यातलं एक प्रथिन डीएनएचा धागा मोकळा ठेवत होतं. खाणं सरलं तसं ते गेलं अन् दुसऱ्यानं येऊन धागा घट्ट गुंडाळून ठेवला.” “म्हंजे मेले?” “नाही अब्बा, जपून हायेत.” “मंग तो धागा सोडते कवा?” ताजं खाणं कालवलेल्या नितळ पाण्यात मिस्बाहनं बाटलीतला थेंब टाकला. “खाणं भेटलं की सोडते. मंग हे वाढून लाखोनं होतात, उद्या सकाळी पाणी गढूळ दिसन.” सत्तार स्टुलावर बसला. “अब्बा, गिऱ्हाईक थांबलं असन ना?” “थांबू दे,” कमान मांडीवर घेत तो म्हणाला. “मले हे गढूळ होतानी पाहाचं हाय.”