डावी पोटरी

अगं, आधी ऐक तर, मधे बोलू नकोस. टोलनाक्यावर पैसे घेणारी ती मुलगी. तिची डावी पोटरी अशी टम्म सुजली, की पॅन्टचा पाय वर सरकेना. तशीच लंगडत दवाखान्यात गेली. सोबत मोठा भाऊ. घरात दोघंच, तिसरं कुणी नाही.

डॉक्टरबाईंनी बोटानं दाबून पाहिलं. खड्डा पडला तो तसाच राहिला. दिवसभर बसूनच असतेस का, विचारलं. ती हो म्हणाली. आता टोलच्या त्या खोक्यात एकदा शिरलं की बदलीचं माणूस येईपर्यंत उठायची सोय नाही, पाणीसुद्धा जपून प्यायचं. खिडकीशी नुसते हात येतात आणि जातात, बोलायला कुणी नाही. त्यात पाळी आली की मेलंच. म्हणून तिथल्या पोरींनी युक्ती काढलेली. दिवस राहू नयेत म्हणून गोळ्या असतात ना, त्या घ्यायच्या, आणि एक पाकीट संपलं की मधे न थांबता लगेच दुसरं. पाळी येतच नाही. डॉक्टरला विचारायचं कुणाच्या डोक्यातही नाही. शेजारच्या खोक्यातलीनं दिलं, हिनं घेतलं, वर्ष होत आलं. पण हे सांगणार कसं? भाऊ खेटून बसलेला.

डॉक्टरबाईंनीच विचारलं, "पाळीच्या, दिवस राहू नयेत म्हणूनच्या, कुठल्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर आत रक्ताची गाठ असू शकते. मग पाय अजिबात चोळायचा नाही. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल."

तिनं तोंड उघडलं, खरंच उघडलं. तेवढ्यात भाऊ हसला.

"काहीतरीच काय, डॉक्टर. लग्न व्हायचंय अजून तिचं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून. मग बाईंनी दुखण्यावरची गोळी लिहून दिली, उद्या सोनोग्राफी करून घ्या म्हणाल्या.

घरी आल्यावर भावानं तिला खुर्चीत बसवलं, तेल कोमट केलं, आणि खाली फरशीवर मांडी घालून तिचा पाय अलगद मांडीवर घेतला.

"आई असती तर तिनंच चोळून दिलं असतं," तो म्हणाला. "मला येतं तसं करतो, हसू नकोस हं."

ती हसली नाही. त्यानं तळहातावर तेल ओतलं, दोन्ही हात एकमेकांवर घासले.

सांग ना, तू काय केलं असतंस?