दोघांपुरतं उत्तर

"समजा, यांना पळवून नेलं," सुरक्षा कंपनीच्या सल्लागार बाई म्हणाल्या, आणि समोर बसलेली इंजिनिअरची बायको दचकलीच.

"अहो, काहीतरी शुभ बोला ना!"

बाईंचा नाइलाज होता. परदेशातल्या धोक्याच्या खाणीवर जाणाऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना हे सांगणं म्हणजे त्यांची रोजची भाकरी. पळवणाऱ्यांचा फोन आला, की माणसाला एकच प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आलं, तर तो जिवंत आहे. म्हणून ते उत्तर या दोघांशिवाय जगात कुणालाही ठाऊक नको.

"आम्ही पहिल्यांदा कुठे भेटलो?" इंजिनिअरने सुचवलं.

"तुमच्या मित्रांना माहीत असेल."

"हिचं लाडाचं नाव?"

"ते मलाही कळलंय. मघाशी जिन्यातून त्याच नावाने हाका मारत होतात."

तो ओशाळून हसला. इतक्या वर्षांच्या संसारात फक्त दोघांचं असं काहीच सापडू नये, म्हणजे कमालच झाली.

बायको खाली बघत हळूच म्हणाली, "आमच्या बाळाचं नाव काय ठरवलं होतं, ते विचारा."

त्याचं हसू मावळलं. बाळ जेमतेम दोन दिवस जगलं होतं. नाव आधीच ठरलं होतं, पण ते कुणाला सांगायचं राहूनच गेलं. नंतर एकदा तिने विषय काढला, तेव्हा तो उठून बाहेर निघून गेला. पुन्हा तिने काढला नाही. चौदा वर्षं झाली. हे विसरलेसुद्धा असतील, असं मनात यायचं आणि तिचा जीव तुटायचा.

बाईंनी तिच्याकडून नाव चिठ्ठीवर लिहून घेतलं. मग त्याला म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा."

"लिहून दिलं तर चालेल?"

"सर, फोनवर बोलावंच लागतं."

दोन अक्षरांचं तर नाव, पण त्याच्या तोंडून निघता निघेना. शेवटी कसंबसं म्हणाला.

बाईंनी चिठ्ठी उघडली. "बरोबर आहे. मॅडम, तुम्हाला नीट ऐकू आलं ना?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"नाही," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. "अहो, परत एकदा म्हणा ना."