तीनशे अठरा फायली

कॉम्प्युटरचा माउस चालेना, म्हणून काकांनी सकाळीच त्याची वायर उपटली, तो स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या बादलीत टाकला आणि दुरुस्तीवाल्याला फोन केला. काका गोदामाचे व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले. बंद पडलेली वस्तू ठेवायची नाही आणि टाकलेल्या वस्तूकडे परत बघायचं नाही, हा गोदामातला नियम त्यांनी घरातही लावला होता.

दुरुस्तीवाला दुपारी आला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. त्याने पिशवीतून स्वतःचा माउस काढून जोडला. पडद्यावरचा बाण ढिम्म हलला नाही.

"म्हणजे तुमचा माउस ठणठणीत होता, काका. आतलंच बिघडलंय. सगळं पुसून नव्याने भरावं लागेल."

चहाचे कप घेऊन आलेल्या काकू दारातच थांबल्या.

"सगळं म्हणजे?"

"घाबरू नका काकू, आधी सगळ्याचा बॅकअप घेतो." त्याने साबणाच्या वडीएवढी डिस्क टेबलावर ठेवली. "आणि माउस नसला म्हणून काही अडत नाही. बोटं आहेत की." त्याने कीबोर्ड पुढे ओढला.

काकूंनी कप ठेवले, पण त्या आत गेल्या नाहीत. काका दुपारी झोपले की काकू याच कॉम्प्युटरवर गोष्टी लिहायच्या. हे काकांना ठाऊक नव्हतं. पहिल्या अकरा गोष्टी पाच वर्षांपूर्वी काकांनीच साफसफाईत उडवल्या होत्या. 'नवीन एक', 'नवीन दोन' अशी नावं बघून त्यांना वाटलं, कामाचं काही नसणार. काकूंना त्या रिसायकल बिनमध्ये सापडल्या, उडवलेल्या फायली जिथे पडून राहतात तिथे. काकूंनी त्या तिथेच राहू दिल्या. पुढच्याही तिथेच ठेवायला लागल्या. दुपारी एक बाहेर काढायची, चार ओळी घालायच्या, परत आत टाकायची. काकांचा पडदा लख्ख आणि काकूंचं लिखाण सुखरूप. पाच वर्षांत कुणाची काही तक्रार नव्हती.

"प्रत काढण्याआधी नको असलेलं काढून टाकतो," दुरुस्तीवाला म्हणाला. "उगाच कशाला ओझं न्यायचं? तुमचा रिसायकल बिन बराच भरलाय, काका. रिकामा करू ना?"

"करा की," काका म्हणाले. "टाकलेलंच आहे ते."

दुरुस्तीवाल्याने दोन-तीन बटणं दाबली. पडद्यावर एक चौकट उघडली. त्याने चष्मा नाकावर घेतला.

"तीनशे अठरा फायली कायमच्या काढायच्या का, विचारतोय. एकदा हो म्हटलं की मग माझ्या हातात काही नाही, हं."

त्याचं बोट बटणावर गेलं.

"थांबा," काकू म्हणाल्या.

बोट तिथेच थांबलं. काकांनी मान वळवली.

"अगं, नको म्हणून टाकलेल्या आहेत त्या."

"त्यातल्या अकरा तुम्ही टाकल्यात. बाकीच्या माझ्या मी ठेवल्यात."

"तिथे? तिथे कशाला?"

"तिथे तुम्ही बघत नाही," काकू म्हणाल्या.  

दुरुस्तीवाल्याने हळूच चौकट बंद केली. 

"काकू, या न्यायच्या असतील तर आधी बाहेर काढाव्या लागतील," तो म्हणाला. "पडद्यावर येतील सगळ्या."

"येऊ देत."

आणि त्या आल्या. एका कोपऱ्यातले तीन आयकॉन सोडले तर कोरा असलेला काकांचा पडदा वरपासून खालपर्यंत भरून गेला. जागा पुरेना तशा फायली एकमेकींवर बसायला लागल्या. काका खुर्ची ओढून पुढे सरकले. एकेक नाव वाचू लागले, गोदामातला माल मोजावा तसं, बोट लावून.

"जिन्यात बसलेली बाई. उरलेलं एक बटण. आंधळ्याचा आरसा." बोट थांबलं. "रुमालांना इस्त्री करणारा माणूस."

 काकांच्या खिशातून इस्त्रीच्या रुमालाचं टोक दिसत होतं.

"हा मी आहे का?"

"रुमालांना इस्त्री दुसरंही कुणी करत असेल," काकू म्हणाल्या.

दुरुस्तीवाल्याने खाली मान घालून डिस्कची वायर जोडली. "पाऊण तास लागेल," तो वायरीला सांगितल्यासारखा म्हणाला.

काका उठले. आत गेले. काकू पडद्यावरची हिरवी पट्टी सरकताना बघत राहिल्या. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. काका रागावले असतील तर असोत, असं त्यांच्या मनात आलं, आणि पाठोपाठ वाईटही वाटलं. एका घरात राहून पाच वर्षं त्यांनी हे लपवलं होतं, हे काही खोटं नव्हतं.

आतून बादलीचं झाकण वाजलं. मग बराच वेळ खुडबुड ऐकू येत राहिली, सालं आणि कागद उपसल्यासारखी. मग नळाचा आवाज.

काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या आणि हातात सकाळी टाकलेला माउस होता. त्याच्या चाकात चहाची पत्ती अडकली होती. खिशातला इस्त्रीचा रुमाल उलगडून त्यांनी माउस पुसला, चाकातली पत्ती नखाने काढली. मग वायरीचा गुंता सोडवला आणि माउस टेबलावर, काकूंच्या हाताशी ठेवला.