झाकलेली ताटली

हॉटेलात रोज सकाळी दीडदोनशे लोकांना ऑम्लेट करून घालणारा आचारी आज कधी नव्हे तो सकाळचा घरी सापडला. हॉटेलात रंगकाम निघालं होतं. एरवी तो पहाटे निघायचा, तो दिवेलागणीलाच परतायचा. बायको अजून उठली नव्हती. "झोपू दे बिचारीला," म्हणत त्याने सहा वर्षांच्या लेकीला हाक मारली. "चल ठमे, आज तुला ऑम्लेट शिकवतो."

ठमीने न सांगता स्टूल ओढून ओट्याला लावलं. अंडं आधी वाटीत फोडलं, वास घेतला, मगच भांड्यात ओतलं. कांदा करपायला लागताच गॅस बारीक केला. आचाऱ्याचा ऊर भरून आला.

"अगं, ऐकलंस का!" तो आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला. "माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही म्हणतात ना, बघ ये! पोरीने बापाचा हात घेतलाय!"

"हळू बोल ना बाबा."

ठमीने उलथन्याने ऑम्लेटचे चार तुकडे केले. एक त्याला दिला, एक स्वतः घेतला. उरलेले दोन ताटलीत ठेवून वर झाकण घातलं.

"दोन्ही आईला?" तो हसला.

"एक आईला. एक माझा, दुपारचा."

"दुपारी आई करेल की वरणभात."

"ती दुपारी पण नाही उठत," ठमी म्हणाली. "तू यायची वेळ झाली, की मी उठवते तिला."