नऊ जणांचा भात

"एकच चूक राहिलीय, मावशी," केझाया स्वयंपाकाच्या यंत्राच्या पडद्याकडे बघत म्हणाली. "घरात माणसं तीन आणि तुझ्या हाताने भात पडतो नऊ जणांचा. दुरुस्त करू का, असं विचारतंय."

यंत्र बाकी सगळं इव्हलिनामावशीकडून शिकलं होतं. पाणी नितळ होईपर्यंत तांदूळ धुणं, टोमॅटोच्या रसात भात शिजताना त्याला डाव न लावणं. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचं त्यांचं बेट समुद्राने गिळलं, तेव्हा तिथल्या गला लोकांची दोनशे घरं शहरातल्या चार उंच इमारतींत आली. उद्यापासून त्या प्रत्येक घरातलं यंत्र मावशीच्या हाताने रांधणार होतं.

"ती चूक नाही," मावशी म्हणाली. "बेटावर कोण कधी होडी लावेल याचा नेम नसायचा. पाहुणा आल्यावर तांदूळ धुवायला घ्यायचे का?"

"इथे कोण येणार? समोरच्या दारात कोण राहतं, तेही आपल्याला माहीत नाही."

"म्हणूनच नऊ," मावशी म्हणाली आणि तिने दुरुस्ती नाकारली.

रविवारी केझायाकडे अर्धं पातेलं लाल भात उरला. टाकायची पद्धत नव्हती. पातेलं उचलून ती समोरच्या दाराशी गेली, तर बेल वाजवण्याआधीच दार उघडलं. आत एक अनोळखी म्हातारा उभा होता, हातात तसंच पातेलं घेऊन.

त्याने दोन्ही पातेल्यांकडे पाहिलं.

"इव्हलिनाचा हात पहिल्यापासून सैलच," तो म्हणाला. "ये, आत ये."