टिश्यूचा खोका

"रडणाऱ्या बाईपुढे टिश्यूचा खोका का सरकवलास?" तिच्या समुपदेशन सत्राचा व्हिडिओ थांबवून मी नव्या समुपदेशक मुलीला विचारलं.

"तिला बरं वाटावं म्हणून, मॅडम."

"बरं तुला वाटलं. नवरा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच रडत होती, आणि तू तिला डोळे पुसायला लावलेस. चाळीस वर्षांपूर्वी मी असाच रुमाल पुढे केला, तेव्हा मला हे काम शिकवणाऱ्या बाईंनी मला रडेपर्यंत झापलं होतं."

"मला हे काम जमणारच नाही. उद्यापासून येत नाही," म्हणत ती हुंदके देऊ लागली.

मी घाईघाईने टेबलावरचा खोका तिच्यापुढे सरकवला.

तिने तो परत ढकलला. "राहू द्या मॅडम, अजून रडून व्हायचंय. उद्या दहाला येते."

मग आठवलं, झापून झाल्यावर बाईंनीही मला स्वतःचा रुमाल दिला होता.