मावशींची झाडं

"हे जुने फोटो काढूनच टाका," साहेब म्हणाले. "दोन्ही संच एकत्र शिकवले की मॉडेलचा गोंधळ उडतोय. झाडाखाली उभा असलेला माणूस त्याला दिसतच नाही."

धाकटी पडद्यावरचे जुने फोटो बघत होती. केस पिकले तरी ऑफिसात ती धाकटीच होती. हे नाव तिच्या आधीपासून इथे काम करणाऱ्या मावशींनी ठेवलेलं. आणि साहेब काढून टाका म्हणत होते ती मावशींनी रंगवलेली झाडं होती. फोटोत काय कुठे आहे ते मॉडेलला, म्हणजे फोटो ओळखणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामला, कळावं म्हणून सगळं आधी हाताने रंगवावं लागायचं. नव्या संचात माणसं, गाड्या रंगवलेल्या होत्या. जुन्यात फक्त झाडं, कारण तेव्हा काम झाडांचंच आलं होतं. मावशी एकेक फांदी अशी भरायच्या, की पोराला न्हाऊ घालतायत असं वाटावं. आता मावशी नाहीत. उरलं होतं ते एवढंच, आणि आता तेही जाणार होतं.

तिने एक फोटो उघडला. जुन्या ऑफिससमोरची गल्ली, मोठं झाड आणि त्याखाली कप घेऊन उभ्या खुद्द मावशी. रस्त्यांचे फोटो काढत फिरणारी गाडी आली तेव्हा नेमक्या बाहेर आल्या होत्या. हा फोटो रंगवायला त्यांच्याच वाट्याला आला, तेव्हा धाकटी म्हणाली होती, स्वतःलाही रंगवा की.

"माझं काय घेऊन बसलीस? काम झाडांचं आहे," म्हणत त्यांनी हिरवा रंग डोक्यापर्यंत नीट आणून थांबवला. मावशींच्या आकाराची जागा कोरी राहिली.

त्या जागेकडे बघता बघता धाकटीच्या डोक्यात उजेड पडला.

"साहेब, चूक जुने फोटो रंगवणाऱ्यांची नाही, आपली आहे. कोरं म्हणजे इथे कोणीच नाही, असं आपण मॉडेलला शिकवतोय. त्या फक्त इथे झाड नाही एवढंच सांगत होत्या. माणसांचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. माणसं मॉडेल नव्या फोटोंतून शिकेलच; जुन्यांतल्या कोऱ्या जागेत त्याने माणूस दाखवला तर चूक धरायची नाही, बस."

साहेबांना पटलं नाही, पण एकदा करून बघायला त्यांनी हरकत घेतली नाही.

मॉडेल पुन्हा शिकून तयार झाल्यावर धाकटीने पहिल्यांदा तोच फोटो दिला. झाड हिरवं, पान न् पान जागच्या जागी. आणि त्याखाली, माणसांसाठी ठरलेल्या लाल रंगात, कप धरलेल्या हातासकट, एक माणूस.

"या कोण?" साहेबांनी वाकून विचारलं.

धाकटीने चष्मा पुसला. "मावशी. ही झाडं त्यांची."

साहेबांनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले.

"पुढचा उघडा. अजून कोण कोण आहे, बघू."